दुर्बीण आणि लेन्स मोठ्या शोरूममधून घ्यावी की कॅमेऱ्याच्या खास दुकानातून?

निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शिक्षकांनी विचारले आहे, त्याचा आशय असा : "दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जातो. आता एक कॅमेरा, पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स आणि एक दुर्बीण घ्यायची आहे. सगळे मिळून सव्वा लाखात बसवायचे आहे. नाशिकच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या शोरूममध्ये बिनव्याजी हप्ते आणि वाढीव वॉरंटी मिळते. मित्र म्हणतो, मुंबईला बोरा बाजारात जा, तिथे कॅमेऱ्याचीच दुकाने आहेत आणि स्वस्तही पडेल. कुठून घ्यावे?"

सर, गेली बावीस वर्षे मी पुण्यात कॅमेरे, लेन्स आणि दुर्बिणी दुरुस्त करतो. त्याआधी पाच वर्षे कॅमेऱ्याच्या एका दुकानात काउंटरवर उभा होतो. दोन्ही प्रकारच्या दुकानांतून गेलेला माल काहीतरी बिघडल्यावर माझ्या टेबलावर येतो, म्हणून माझे मत त्या बाजूने तयार झालेले आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आपण प्रश्न एकच विचारला असला तरी त्यात तीन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे. कॅमेऱ्याची बॉडी ही इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे. एकाच मॉडेलच्या दहा सीलबंद खोक्यांपैकी कोणतेही उचलले तरी सहसा फरक पडत नाही, आणि दोष असलाच तर तो पहिल्या काही दिवसांत दिसतो व वॉरंटीत निघतो. लेन्स आणि दुर्बीण यांचे तसे नाही. त्यांत भिंगे आणि लोलक ठरलेल्या जागी अगदी बारीक मापाने बसवलेले असतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये डोळ्याला दिसेल एवढा फरक असू शकतो. म्हणून कॅमेरा कुठून घ्यायचा याचे उत्तर बिल, वॉरंटी आणि किंमत पाहून देता येते, पण लेन्स आणि दुर्बीण कुठून घ्यायची याचे उत्तर, घेणार तोच नग दुकानात हातात घेऊन तपासू देतात का, यावर ठरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. नेमके कोणते मॉडेल घ्यायचे हे आपण पक्के केले आहे का, एकरकमी पैसे देणे शक्य आहे का, वापरलेला माल घ्यायची तयारी आहे का, आणि मुंबईला एक पूर्ण दिवस जाणे जमेल का, यांपैकी एकाचेही उत्तर बदलले तर माझा सल्ला थोडा बदलेल.

आधी शोरूमची बाजू. क्रोमा, रिलायन्स डिजिटल, विजय सेल्स यांसारख्या साखळी दुकानांचा मोठा गुण असा की तिथे पक्के बिल मागावे लागत नाही, ते मिळतेच. माल अधिकृत मार्गाने आलेला असतो, किंमत लिहिलेली असते आणि हप्त्यांची सोय जागेवर होते. ज्याला नेमके मॉडेल माहीत आहे आणि किटमधल्या लेन्ससह सीलबंद कॅमेरा हवा आहे, त्याला मी शोरूममध्ये जाऊ नका असे कधीच सांगत नाही.

उणीव जाणकारीची आहे. काउंटरवरचा मुलगा कष्टाळू असतो, पण काल तो वॉशिंग मशीन विकत होता आणि पुढच्या महिन्यात मोबाइलच्या काउंटरवर जाईल. एक उदाहरण देतो. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० ही लेन्स व्हीआर असलेली आणि व्हीआर नसलेली अशा दोन प्रकारांत निघाली. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या आहेत. हातात धरून पक्षी टिपणाऱ्याला व्हीआर, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, नसेल तर सकाळच्या उजेडात अर्धे फोटो वाया जातात. शिवाय डी९० किंवा डी७००० यांसारख्या जुन्या बॉडीवर या दोन्ही लेन्स फोकसच करत नाहीत. ज्याचा हा रोजचा धंदा आहे तो हे विचारल्याशिवाय सांगतो. शोरूममध्ये हे सांगणारा माणूस भेटेलच अशी खात्री नसते. लांब पल्ल्याच्या लेन्स तर बहुतेक शोरूममध्ये ठेवलेल्याच नसतात. त्या मागवून देतात, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि वस्तू नंतर पाहायची.

बिनव्याजी हप्त्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. व्याज नाहीसे होत नाही. दुकान किंवा कंपनी व्याजाएवढी सूट आधी देते आणि बँक तेच व्याज हप्त्यांतून वसूल करते. ६०,००० रुपयांची वस्तू १२ हप्त्यांत घेतली आणि बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरला, तर ५,००० च्या हप्त्यांमध्ये सुमारे ४,६०० रुपये व्याज असते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी सुमारे ८३० रुपये, आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क वेगळे. हे खिशातून जातात. पण त्याहून महत्त्वाचे असे की ती ४,६०० ची सूट एकरकमी घेणाऱ्याला मिळते का, हे विचारलेच जात नाही. कॅमेऱ्याच्या दुकानात एकरकमी पैसे देताना तेवढी रक्कम कमी करून मागता येते आणि पुष्कळदा ती मिळते. हप्त्यांची खरोखर गरज असेल तर ते जरूर घ्यावेत, पण ते फुकट आहेत असे समजू नये.

वाढीव वॉरंटीबद्दल मी स्पष्ट बोलतो. ती बहुतेक वेळा कॅमेरा कंपनीची नसते, दुसऱ्याच कंपनीची योजना असते. तिच्या अटींचे पान आधी मागून घ्यावे आणि त्यात बुरशी, धूळ, पाणी आणि पडल्यामुळे झालेली मोडतोड हे चार शब्द शोधावेत. आपल्याकडच्या हवेत माझ्याकडे येणाऱ्या लेन्सचा मोठा भाग याच चार कारणांनी येतो, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक योजनांत ही चारही कारणे वगळलेली होती. त्या पैशात आर्द्रता मोजणारे यंत्र, झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल आणले तर लेन्स जास्त टिकेल.

आता खास दुकानांची बाजू. मुंबईत सीएसएमटीजवळ फोर्टमधला बोरा बाजार हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे. तिथे आणि इतर शहरांतल्या चांगल्या कॅमेरा डीलरकडे तीन गोष्टी मिळतात : लेन्स स्वतःच्या बॉडीवर लावून पाहायला मिळते, वापरलेला माल मिळतो, आणि वर्षभराने अडचण आली तर ज्याने वस्तू विकली तोच माणूस दुकानात भेटतो. मी काउंटरवर होतो तेव्हाही बॉडीवर दुकानदाराला फार सुटत नसे. त्याची कमाई फिल्टर, बॅग, ट्रायपॉड यांवर असे. हे माहीत असले म्हणजे बॉडीच्या किमतीत घासाघीस करताना किती ताणायचे आणि बॅग गळ्यात मारली जात असताना कुठे थांबवायचे, दोन्ही कळते.

मात्र याच बाजारात ज्याला ग्रे माल म्हणतात तो असतो, आणि आपल्या मित्राच्या 'स्वस्त पडेल' या शब्दांत त्याची शक्यता दडलेली आहे. हा माल खरा असतो, पण हाँगकाँग किंवा दुबईसारख्या बाजारातून परस्पर आलेला असतो. बिल नको म्हणालात तर अमुक इतके कमी करतो, असे सांगितले जाते. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी १८ टक्के ही मोहात पाडणारी रक्कम आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या साताऱ्याकडच्या एका तरुणाने अशीच लेन्स घेतली होती. वॉरंटी म्हणून दुकानाच्या कार्डामागे पेनने 'एक वर्ष' असे लिहून सही केलेली होती. आठव्या महिन्यात लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे लहानमोठे होणारे छिद्र, अडकले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने क्रमांक पाहून वॉरंटी नाकारली, दुकानदाराने 'ठेवून जा, बघतो' म्हणत दोन महिने काढले, आणि ऐन लग्नसराईत तो भाड्याच्या लेन्सवर काम करत होता. शेवटी लेन्स माझ्याकडे आली. दुरुस्तीचा खर्च आणि भाडे मिळून वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त गेले.

ग्रे माल ओळखणे अवघड नाही. आयात केलेल्या सीलबंद वस्तूच्या खोक्यावर भारतातील आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळे छापलेले किंवा चिकटवलेले असावे लागते. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या भारतात स्वतःच्या कंपन्या आहेत, तेव्हा खोक्यावर त्यांचे नाव दिसले पाहिजे. ही पट्टी नसेल तर पुढे बोलूच नये. मग खोक्यावरचा, वस्तूवरचा आणि बिलावरचा क्रमांक तिन्ही ठिकाणी एकच आहे ना, हे पाहावे. बिलावर दुकानाचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असावा, आणि महाराष्ट्रातील दुकान असेल तर तो २७ ने सुरू होतो.

बिलाचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. २०२० च्या जुलैपासून लागू असलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारल्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परंतु हातात बिल नसेल तर यातले बरेचसे सिद्ध करणे अवघड जाते.

दुर्बिणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त फसगत तिथे होते आणि ती फसगत झाल्याचे माणसाला कळतही नाही. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ त्यांच्या सातवीतल्या मुलाला घेऊन आले होते. आजोबांनी वाढदिवसाला मॉलमधल्या शोरूममधून दुर्बीण आणली होती : १०-३०×५०, झूम होणारी, पुढची भिंगे माणकासारखी लाल. पाच मिनिटे पाहिले की मुलाचे डोके दुखे आणि डोळ्यांत पाणी येई. घरच्यांनी त्याचे डोळे तपासून घेतले होते, ते ठीक होते. मी दुर्बीण रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरली आणि डोळ्यांपासून हळूहळू दूर नेली, तेव्हा एका पाटीच्या दोन पाट्या झाल्या, एक वर आणि एक खाली. दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. मुलाचे डोळे आणि मेंदू ती दोन चित्रे जबरदस्तीने एकत्र ओढत होते आणि त्याचाच त्याला त्रास होत होता. मी स्क्रू फिरवून १० पटीला नळ्या जुळवल्या, पण झूम ३० वर नेताच त्या पुन्हा हलल्या, कारण झूमची यंत्रणाच ढिली होती. तो मुलगा मला विचारत होता, "म्हणजे माझ्या डोळ्यांत काही नाही ना?" दुर्बीण घेण्याआधी त्याच्या हातात एक चांगली दुर्बीण दोन मिनिटे दिली असती तर ही वेळ आली नसती.

आकड्यांचा अर्थ असा. ८×४२ म्हणजे आठ पट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. ४२ ला ८ ने भागले की ५.२५ येतात. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल आपल्या डोळ्यात शिरतो. १०×४२ मध्ये तो ४.२ होतो, आणि त्या मुलाच्या दुर्बिणीत ३० पटीला तो जेमतेम १.७ होता. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर हिवाळ्यातल्या पहाटे, धुके असताना, आपल्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते. तेव्हा बारीक गोलाची दुर्बीण अंधारी वाटते. शिवाय पट जितकी जास्त, तितकी हाताची थरथरही जास्त दिसते. म्हणून आपल्यासाठी मी ८×४२ सुचवीन. पाणथळ जागेवर पक्षी फार दूर असतात म्हणून काही जण १०×४२ पसंत करतात आणि ते चुकीचे नाही, पण त्यापुढे जाऊ नये.

दुकानात करायच्या तपासण्या सोप्या आहेत. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे करावी आणि डोळ्यांकडच्या भिंगांत दिसणारा प्रकाशाचा गोल पाहावा. तो स्वच्छ वाटोळा हवा. पोरो पद्धतीच्या, म्हणजे वाकड्या खांद्याच्या, दुर्बिणीत त्याच्या कडा कापल्यासारख्या चौकोनी व करड्या दिसल्या, तर लोलकाची काच हलक्या प्रतीची आहे. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत ही खूण तितकी चालत नाही. मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटची प्रतिबिंबे पाहावीत. ती हिरवी, जांभळी, मंद दिसली तर भिंगांवर चमक कमी करणारा लेप आहे. लख्ख पांढरे प्रतिबिंब दिसले तर आतल्या एखाद्या पृष्ठभागावर तो नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहावे. पूर्ण वर्तुळ दिसण्यासाठी डोळा आणि भिंग यांत साधारण १५-१६ मिलिमीटर तरी अंतर चालले पाहिजे, आणि ही संख्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेली असते. शेवटी दुकानाबाहेर येऊन लांबची पाटी वाचावी आणि मघाची दोन पाट्यांची तपासणी करावी. जो दुकानदार दुर्बीण घेऊन दाराबाहेर जाऊ देत नाही, त्याच्याकडून ती घेऊ नये. साखळीने काउंटरला बांधलेल्या दुर्बिणीची ही तपासणी करताच येत नाही.

लेन्सचेही असेच. आपली बॉडी आणि मेमरी कार्ड बरोबर न्यावे. लेन्स सगळ्यात लांब पल्ल्यावर आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून समोरच्या विटांच्या भिंतीचा किंवा ताठ लावलेल्या वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो घ्यावा, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि पानाला समांतर ठेवून. मग दुकानातल्या लॅपटॉपवर चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती त्या लेन्सची जात आहे. तीन कोपरे रेखीव आणि एकच पुसट असेल तर आतले एखादे भिंग तिरके बसलेले आहे, आणि दुसरा नग मागावा. शोकेसमधला नग देत असतील तर मागून मोबाइलच्या बॅटरीचा उजेड पाडून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद शोकेसमध्ये ती सहज वाढते. मी बुरशी पुसून काढू शकतो, पण तिने खाल्लेला भिंगावरचा लेप मला परत आणता येत नाही.

आपल्या बजेटकडे पाहता माझा कल वापरलेल्या मालाकडे जातो, आणि तो साखळी शोरूममध्ये मिळत नाही. निकॉनची डी५०० ही बॉडी २०१६ मध्ये आली. आता ती बनत नाही, पण पक्ष्यांसाठी तिचा फोकस आजही भरवशाचा आहे, आणि २००-५०० एफ/५.६ ही लेन्स तिच्याबरोबर उत्तम जमते. ही लेन्स सुमारे २.३ किलो वजनाची आहे, म्हणून घेण्याआधी दहा मिनिटे हातात धरून पाहावी. डी५०० चे शटर २ लाख वेळा चालेल असे कंपनीने म्हटले आहे. डीलरने शटर किती वेळा उडाले हे फोटोच्या फाइलमधून आपल्यासमोर काढून दाखवावे आणि निदान तीन महिन्यांची दुकानाची हमी बिलावर लिहून द्यावी. कार्डाच्या मागे लिहिलेली हमी नको. वापरलेले घ्यायचे नसेल, तर नवी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, बॉडी शोरूममधून जरूर घ्यावी, पण लेन्स मागवायला सांगू नये.

तेव्हा मी आपल्या जागी असतो तर दुर्बीण सगळ्यात आधी आणि एकटी घेतली असती. त्यासाठी शनिवार सोडून मधल्या वारी सकाळी लवकर मुंबईला गेलो असतो, कारण दुकानात गर्दी नसली की दुकानदार शांतपणे तीन-चार दुर्बिणी काढून देतो. त्याच फेरीत दोन-तीन दुकानांत लेन्स हातात धरून पाहिली असती, पैसे न देता परत आलो असतो, आणि बॉडीची शोरूममधली किंमत आणि तिथली एकरकमी सूट लिहून काढली असती. ते आकडे घेऊन दुसऱ्या फेरीत लेन्स आणि बॉडीचा निर्णय घेता येतो. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात निदान तीनशे फोटो काढावेत, पहाटेचे, भर दुपारचे, उडत्या पक्ष्यांचे आणि घराच्या भिंतीचेही, म्हणजे दोष असेल तर तो बदलून देण्याची मुदत संपण्याआधी समोर येईल. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून स्वतःलाच ईमेल करावा, कारण पातळ कागदावर छापलेल्या बिलाची अक्षरे वर्षभरात पुसट होतात आणि सर्व्हिस सेंटरला तारीख वाचता आली पाहिजे.